उद्यान सर्वांसाठी खुले आहे, पण तेथे कोण येत नाही?

पायवाट (धागाकर्ता)

शहरातील उद्यानांचा आराखडा करायला बसले की पहिली चर्चा होते ती जागेची. माणशी किती चौरस मीटर, घरापासून किती अंतर, किती झाडे, हे हिशेब करायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये एक ढोबळ निकष सुचवला होता: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११.७ हे लक्ष्य त्याच्या एक पाऊल पुढे जाते. २०३० पर्यंत अशा जागा सर्वांना सुरक्षितपणे वापरता याव्यात असे त्यात म्हटले असून महिला, मुले, ज्येष्ठ आणि अपंग व्यक्ती यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. हा वेगळा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुसते ‘सर्वांसाठी’ म्हटले की ज्यांना आधीपासून अडचण नाही अशांचीच सोय बहुधा होते.

एका नागरिक गटाबरोबर मी काही वर्षे उद्यानांत बसून नोंदी करतो. कोणत्या वेळी कोण येते, कुठे बसते, किती वेळ थांबते, एवढेच लिहून घ्यायचे असते. अशाच एका संध्याकाळी मी एका मोठ्या मैदानाच्या कडेला बसलो होतो. मैदानाच्या मधोमध मुलांचे दोन गट खेळत होते आणि त्यांचा चेंडू चारही दिशांना जात होता. कडेच्या कठड्यावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन मैत्रिणीची वाट पाहत होती. मैत्रीण आली. दोघींनी उभे राहून मैदानावर एक नजर टाकली, मग पुन्हा कठड्यावर बसून गप्पा मारल्या आणि अंधार पडायच्या आत त्या निघून गेल्या. रॅकेट खोळीतून बाहेर आलीच नाही. त्यांना कोणी हटकले नव्हते आणि फलकावर कसलीही मनाई नव्हती. आमच्या तक्त्यात त्या दोघींची नोंद ‘उद्यानाचा वापर करणाऱ्या’ अशीच झाली.

त्या दिवसापासून मी तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: काय करायला आले होते आणि काय करू शकले नाहीत. आराखड्याची सुरुवात या रकान्यापासून व्हावी असे माझे मत आहे. जे येत नाहीत, किंवा येऊनही कडेला बसून परत जातात, त्यांच्या बाजूने विचार करून शहराची उद्याने आणि मनोरंजनाच्या सोयी कशा आखाव्यात, यावर येथील जाणकारांनी आणि रोज उद्यानात जाणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

रेघोटी

पायवाट, आपण रॅकेटचा जो प्रसंग लिहिला आहे, त्याचा अभ्यास एका शहराने फार गंभीरपणे केला आहे. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात झालेल्या पाहणीत असे दिसले की साधारण नऊ वर्षांच्या वयापर्यंत मुलगे आणि मुली उद्यानांत सारख्याच रमतात, पण त्यानंतर मुलींची संख्या झपाट्याने घटते. जागेसाठी चढाओढ झाली की मुली माघार घेतात आणि मोकळे मैदान जो आधी व्यापेल त्याचे होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ईव्हा काइल या नगररचनाकार त्या काळात तेथील पालिकेत महिलांच्या दृष्टीने शहराचा विचार करणारे कार्यालय चालवत होत्या. पुढे १९९९ मध्ये शहराच्या पाचव्या विभागातील आइनझीडलर पार्क आणि सेंट योहान पार्क या दोन उद्यानांची फेररचना झाली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा केल्या, आणि एकसंध मोकळ्या पटाचे लहान-मोठे भाग पाडले. त्यासाठी कुंपणे घातली नाहीत, झाडोरा आणि जमिनीचे चढउतार वापरले. त्यानंतर मुली येऊ लागल्या आणि मुलगेही हुसकले गेले नाहीत.

उद्यानरचना हा माझा व्यवसाय असल्याने यातून घेतलेला एक धडा येथे लिहितो. मोकळी जागा निष्पक्ष असते असे आम्हाला शिकताना वाटायचे. प्रत्यक्षात सपाट, मोठा, एकसंध पट हा बळकटांच्या बाजूने झुकलेला असतो. एकाच जागेत अनेकांना वाव द्यायचा असेल तर तिला कडा, कोपरे आणि एकाहून अधिक प्रवेश द्यावे लागतात. मात्र कोपरे केले म्हणजे आडोसे झाले असे होऊ नये. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कभोवती उंच झुडपे आणि लोखंडी कुंपणे होती. आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसत नसे, त्यामुळे सामान्य माणूस तिकडे फिरकत नसे. १९९२ मध्ये ते उद्यान नव्याने उघडले तेव्हा हे अडसर काढले होते, वाटा मोकळ्या केल्या होत्या आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या होत्या. या कल्पनांमागे सार्वजनिक जागांतील माणसांच्या वावराचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांचे निरीक्षण होते. माणूस खुर्चीवर बसण्याआधी ती दोन बोटे का होईना, सरकवतो, हे त्यांनी चित्रीकरण करून दाखवले होते. जागा आपली वाटण्यासाठी एवढी मोकळीकही पुरते. सार्वजनिक जागेत महिलांचे प्रमाण घटले तर तेथे काहीतरी बिघडले आहे, हेही त्यांनीच नोंदवून ठेवले आहे.

चाकखुर्ची

मी कडेच्या कठड्यापर्यंतही पोहोचत नाही, म्हणून फाटकापासून सुरुवात करतो.

माझ्या घराजवळच्या उद्यानात दुचाकी शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी नळ्यांचे नागमोडी वळण केले आहे. धडधाकट माणूस अंग चोरून त्यातून जातो. माझी खुर्ची त्या वळणात अडकते, जुळ्या मुलांची बाबागाडी अडकते आणि चौकटीच्या आधाराने चालणाऱ्या आजीही अडकतात. ज्यांच्यासाठी ते वळण केले, त्या दुचाकी मागच्या तुटलेल्या कुंपणातून आत येतात. संबंधित कार्यालयाकडे मी लेखी अर्ज केला होता. ‘आपल्यासाठी मोठे फाटक उघडून देण्यात येईल, रखवालदारास सांगावे,’ असे उत्तर आले. रखवालदार फाटकाच्या आतल्या बाजूला, हाकेच्या पलीकडे बसतो. आणि तो जवळ असता तरी, मला उद्यानात जावेसे वाटले की आधी कोणालातरी हाक मारावी लागणार असेल, तर ते उद्यान माझ्यासाठी खुले आहे असे मी कसे म्हणावे?

आराखडा करणाऱ्यांसाठी काही मापे देतो, कारण ‘सुगम्य’ हा शब्द लिहून पुढे जाणे फार सोपे असते. खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची सपाट जागा लागते. उताराला बारा मीटरला एक मीटर चढ ही शेवटची मर्यादा समजावी. तेवढा उतार लांबवर असेल तर हात भरून येतात आणि मध्ये विसाव्याला सपाट टप्पा लागतो. वीस मीटरला एक मीटर असा चढ असेल तर बहुतेकांना तो चढ वाटतच नाही. बाकाला पाठ आणि हात हवेत, कारण गुडघे दुखणारा माणूस त्या हातांवर भार देऊन उठतो. त्याच्याशेजारी एका खुर्चीपुरती पक्की जागा मोकळी सोडावी, म्हणजे मी मित्राच्या शेजारी बसू शकेन. एरवी मी त्याच्यासमोर वाटेत उभा असतो आणि येणारे-जाणारे मला वळसा घालतात. स्वच्छतागृह नसेल तर यातले काहीही उपयोगाचे नाही. मधुमेही, गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध हे सगळे घरून निघतानाच तेथे स्वच्छतागृह आहे का याचा विचार करतात आणि नसेल तर निघतच नाहीत.

आणखी एक विनंती. अपंग मुलांसाठीचा झोपाळा वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या कुंपणात आणि वेगळ्या फलकासह ठेवू नका. त्या मुलालाही इतर मुलांच्या गलक्यातच झोका घ्यायचा असतो.

मैदानवेडा

वरील प्रतिसाद वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. तरीही माझे म्हणणे मांडतो, ते गैरसमज न करता घ्यावे. मी संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. ती मुले ज्या घरांतून येतात त्या घरांत पाय पसरायला जागा नाही. त्यांच्याकडे क्लबचे सदस्यत्व नाही आणि शाळेला मैदान नाही. मधोमध खेळणारी ही मुले बळकट दिसतात खरी, पण दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारी मोकळी जागा तेवढीच असते. मैदानाचे तुकडे पाडले तर फुटबॉल उरत नाही. प्रत्येक गटाला एकेक तुकडा वाटून दिला, तर शेवटी कोणालाच पुरेशी जागा मिळणार नाही, अशी भीती मला वाटते.

रेघोटी

मैदानवेडा, आपली भीती निराधार नाही. जेथे पूर्ण आकाराचे एकच मैदान आहे तेथे ते फोडू नये, असे माझेही मत आहे. पण जागा वाटता येत नाही तेव्हा वेळ वाटता येते, आणि जागा नाही असे म्हणतो तेव्हा ती बहुधा कुलूपबंद असते. न्यूयॉर्कने २००७ पासून शाळांची आवारे सुटीच्या वेळी परिसराला खेळण्यासाठी खुली करण्याची योजना राबवली. पॅरिसने शाळांच्या आवारांतील डांबर काढून तेथे झाडे आणि सावली आणण्याचे काम २०१८ च्या सुमारास सुरू केले आणि त्यातील काही आवारे सुटीच्या दिवशी रहिवाशांना खुली केली. कोलंबियातील बोगोटा शहरात तर १९७४ पासून रस्तेच या कामी येतात. दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते मोटारींना बंद असतात, आणि त्यांवर सायकली चालतात, मुले धावतात, चौकांत सामूहिक व्यायाम होतो. त्यासाठी एक गुंठाही जमीन घ्यावी लागली नाही.

लहान जागांचे उदाहरण द्यायचे तर ॲम्स्टरडॅमचे देतो. आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ ते १९७८ या काळात त्या शहरात सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. त्यांतील बरीचशी घरांच्या मधल्या उरल्यासुरल्या, पडीक जागांवर होती. वाळूचा एक हौद, त्याला बसता येईल असा रुंद काठ, कोलांट्या मारायला काही लोखंडी दांड्या, उड्या मारत जायला काही गोल ठोकळे आणि आयांना बसायला बाक, एवढेच त्यांत असे. आमच्याकडेही असे क्रीडांगण करा, अशी पत्रे रहिवासी पालिकेला पाठवत असत. अशी लहान-लहान अंगणे वस्तीवस्तीत झाली की मोठ्या मैदानावरचा ताण आपोआप हलका होतो आणि तेथे आपला फुटबॉल निर्धास्त चालू शकतो.

खुरपे

मी पस्तीस वर्षे बागकाम केले, आता निवृत्त आहे. आराखड्याच्या बैठकींना मला कधी बोलावले गेले नाही, म्हणून येथे लिहितो.

नवे उद्यान उभारायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. झाडाला लावल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते, आणि नेमके तेव्हाच ठेकेदाराची मुदत संपलेली असते. मुलांच्या खेळण्याखाली मऊ रबर अंथरतात. ते उन्हाने तडकते, कडा उचलल्या जातात आणि त्यात पाय अडकून मूल पडते. मग खेळण्याभोवती दोरी बांधून ते बंद करतात आणि दोरी वर्षभर तशीच राहते. एक दिवा गेला की त्या वाटेने संध्याकाळी बायका येणे बंद होते. दिवा दुरुस्त झाला तरी त्या लगेच परतत नाहीत, कारण दुसरी वाट धरायची सवय झालेली असते. म्हणून दिवा गेल्यापासून किती दिवसांत लागला पाहिजे, हे आराखड्यातच लिहून ठेवा.

कोणत्या बाकावर सकाळी कोण बसते, कोणत्या झाडाखाली दुपारी मजूर झोपतात, कोणती फाटकी जाळी मुलांनी मुद्दाम वाकवून वाट केली आहे, हे सगळे माळ्याला ठाऊक असते. ती वाकवलेली जाळी पुन्हा पुन्हा शिवण्यापेक्षा तेथे फाटक करा, असे मी तीन वेळा सुचवले होते.

काळाचा ओघ

चर्चा रचनेची चालू आहे आणि ती मोलाची आहे. पण विविधता म्हणजे वय, लिंग आणि अपंगत्व एवढेच नव्हे. भाषा, वंश, धर्म आणि आर्थिक स्थिती यांवरून माणसे उद्यानांतून बाहेर ठेवली गेल्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिकांना उद्यानांत येऊ द्यावे यासाठी न्यायालयात दावा दाखल झाल्यावर शहराने १ जानेवारी १९५९ पासून सगळीच उद्याने बंद करून टाकली. ती १९६५ मध्ये पुन्हा उघडली, पण पोहण्याचे तलाव उघडले नाहीत. शेजाऱ्याबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा आपल्या मुलांनाही पोहता येऊ नये, हे तेथील सत्ताधाऱ्यांनी पत्करले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे कौतुक करताना सेनेका व्हिलेज ही वस्तीही आठवावी. तेथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती, त्यांची स्वतःची घरे आणि चर्च होती, आणि उद्यानासाठी ती वस्ती १८५७ मध्ये पूर्णपणे उठवण्यात आली.

याच्या उलट दिशेने केलेला एक प्रयत्न कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात आहे. २०१२ मध्ये खुले झालेले सुपरकीलेन हे सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचे उद्यान साठाहून अधिक देशांशी नाते असलेल्या वस्तीसाठी केले गेले. आपल्या मूळ देशातील कोणती वस्तू येथे हवी, असे रहिवाशांना विचारण्यात आले. त्यातून मोरोक्कोचे कारंजे, जपानची ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी, थायलंडमधील मुष्टियुद्धाचे रिंगण अशा वस्तू तेथे आल्या. काही रहिवाशांना तर उद्यानाच्या रचनेत सहभागी असलेल्या कलाकारांच्या गटाने अशा वस्तू आणायला सोबत नेले. दोन तरुणी पॅलेस्टाइनला जाऊन तेथील माती घेऊन आल्या आणि ती माती आता त्या उद्यानात आहे. या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती मला अंशतः पटते. वस्तू मांडल्या म्हणजे माणसे एकत्र आली असे होत नाही, आणि प्रत्येक समाजाची एकेक खूण ठेवण्याच्या नादात त्या समाजातील म्हातारी, मुली, बेरोजगार तरुण यांना रोज काय लागते हा प्रश्न मागे पडू शकतो. पण विचारण्याची पद्धत घेण्यासारखी आहे, कारण तेथे आधी चित्र दाखवून ‘आवडले का?’ असे विचारले नव्हते.

उंबरठा

मला भाडेकरूंच्या बाजूने एक गोष्ट मांडायची आहे. उद्यान चांगले झाले की शेजारची घरभाडी वाढतात. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ मध्ये खुला झालेला हाय लाइन हा उद्यानमार्ग पाहायला जगभरातून लोक येतात. पण त्याच्या आजूबाजूला महागड्या इमारती उभ्या राहिल्या आणि जवळच्या सरकारी गृहसंकुलांतील रहिवासी तेथे अपेक्षेइतके फिरकले नाहीत. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट हॅमंड यांनी नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली की रचना कशी हवी हे आम्ही रहिवाशांना विचारले, पण तुमच्यासाठी आम्ही काय करू शकतो हे विचारायला हवे होते.

ज्या कुटुंबाने वीस वर्षे उकिरड्याशेजारी काढली, त्याला त्या उकिरड्याची बाग झाल्यावर घर सोडावे लागू नये. त्यामुळे उद्यानाचा आराखडा आणि त्या भागातील परवडणाऱ्या घरांचा आराखडा एकाच टेबलावर, एकाच वेळी मांडला जायला हवा. उद्यान विभाग म्हणेल की घरे आमच्या अखत्यारीत नाहीत. घर सोडून जाणाऱ्याला या उत्तराचा काहीही उपयोग नसतो.

मैदानवेडा

रेघोटी, वेळ वाटण्याचा मुद्दा मला पटला. माझी मुले आठवड्यातून दोन दिवस तासभर उशिरा यायला तयार होतील, मात्र तेव्हा दिवे लागायला हवेत. खुरपे यांनी दिव्यांबद्दल लिहिले आहे ते आमच्याही कामाचे आहे. शाळेच्या आवाराबद्दल मी स्वतः मुख्याध्यापकांशी बोलणार आहे. नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, त्याचे उत्तर कोणाकडे असल्यास सांगावे.

पायवाट (धागाकर्ता)

मैदानवेडा, जबाबदारीचा करार शाळा आणि पालिका यांच्यात लेखी हवा. कुलूप कोण उघडणार, झाडलोट कोण करणार आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. तोंडी आश्वासनावर शाळा तयार होणार नाहीत आणि त्यांनी होऊही नये.

खुरपे, आपल्याला बैठकीला बोलावले गेले नाही हे वाचून वाईट वाटले. आमच्या गटाच्या पुढील पाहणीत आपण आमच्याबरोबर चालावे, अशी मनापासून विनंती आहे.

लोकांना विचारण्याबद्दल काळाचा ओघ यांनी जे लिहिले आहे त्यात माझ्या अनुभवातून थोडी भर घालतो. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सभागृहात बैठक ठेवली तर निवृत्त आणि सवड असलेली माणसेच येतात, आणि नागरिकांचे मत म्हणून त्यांचेच मत कागदावर उतरते. आम्ही आता फाटकापाशी, बसथांब्यापाशी आणि दवाखान्याबाहेरच्या रांगेत उभे राहून विचारतो. प्रश्नावली वस्तीत बोलल्या जाणाऱ्या भाषांत असते आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे असतात. प्रश्नही आम्ही बदलला. ‘उद्यानात काय हवे?’ असे विचारले की लोक त्यांनी पाहिलेल्या गोष्टींचीच नावे घेतात: झोपाळा, कारंजे, व्यायामाची साधने. ‘काल संध्याकाळी कुठे होता आणि उद्यानात का नव्हता?’ असे विचारले की घरकाम, अंधार, भटकी कुत्री, टोमणे, स्वच्छतागृह अशी खरी कारणे बाहेर येतात. एका बाईंनी मला सांगितले की त्यांना उद्यानातले काहीच नको, फक्त मुलगा खेळत असताना तो दिसेल अशा ठिकाणी बसायला सावली हवी. नंतर आम्ही त्या उद्यानातले सगळे बाक पाहिले. खेळण्यांच्या बाजूला तोंड असलेल्या एकाही बाकावर दुपारी चारनंतर सावली नव्हती.

दुसरे म्हणजे, कायमचे बांधकाम करण्याआधी तात्पुरते करून पाहावे. सुरुवातीला लिहिलेल्या त्याच मैदानाच्या पूर्वेकडील रिकाम्या पट्टीत आम्ही पुढच्या आठवड्यात दोन खांब रोवून बॅडमिंटनची जाळी बांधणार आहोत आणि शेजारी हलक्या खुर्च्या ठेवणार आहोत. दोन महिने रोज नोंदी होतील. कोणी वापरली नाही तर जाळी काढून दुसरीकडे बांधता येईल.

चाकखुर्ची

पायवाट, कल्पना उत्तम आहे. मुख्य वाटेपासून त्या जाळीपर्यंत जाणारी वाट पक्की आहे की मातीची, एवढे कृपया कळवावे.

पायवाट (धागाकर्ता)

आज सकाळी जाऊन पाहिले. मुख्य वाट पक्की आहे, पण शेवटची वीस पावले भुसभुशीत माती आहे. आपला प्रश्न आला नसता तर हे आमच्या लक्षात आले नसते. खुरपे यांच्याशी बोलणे झाले असून तेवढ्या भागात मुरूम दाबून त्यावर फरशा बसवता येतील, असे ते म्हणतात. जाळी त्यानंतरच बांधू. फाटकातील नळ्यांच्या वळणाबाबत आपण दिलेल्या अर्जाची प्रत मला पाठवावी, म्हणजे गटाच्या पत्राला ती जोडता येईल.